माजी कॅप्टन, आमची आजी

आज पाहुणा कुणी नाही. मागे एका भागात बोलता बोलता "माझी आजी मिलिटरीत होती" असं म्हणून मी पुढे निघून गेलो होतो, आणि त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं की होती म्हणजे नक्की काय होती? तेव्हा आजी हयात होती. २०२४ च्या नोव्हेंबरात ती गेली, ऐंशी वर्षांची होऊन. तर आजचा भाग तिच्यावर. थोडं लिहून आणलंय, पण वाचून दाखवणार नाही. बोलता बोलता इकडेतिकडे जाईन, सांभाळून घ्या.

आजी सैन्यात नर्स होती. आता हे वाक्य ऐकलं की समोरच्याचा चेहरा जरासा उतरतो, हा माझा अनुभव आहे. "अच्छा, नर्स होय!" म्हणजे तोपर्यंत त्यांच्या डोळ्यांपुढे रायफलवाली आजी उभी राहिलेली असते. म्हणून आधी जरा समजून घेऊ. या सेवेचं नाव मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस. आद्याक्षरं घेतली तर एमएनएस होतं आणि आपल्याकडे एमएनएस म्हटलं की लोकांना भलतंच काही आठवतं, त्यामुळे मी पूर्ण नाव घेत जाईन. १८८८ साली इंग्लंडहून दहा नर्सेस मुंबईला उतरल्या, लष्करी इस्पितळांची घडी बसवायला. तिथून ही सुरुवात. पहिल्या महायुद्धाच्या काळात भारतीय मुली घ्यायला लागले. आणि १९४३ च्या वटहुकमाने या बायका कमिशन्ड ऑफिसर झाल्या. लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर, सगळे हुद्दे. डॉक्टर सोडले तर सैन्याच्या बाकी शाखांत बायकांना अधिकारी म्हणून दार उघडलं ते १९९२ मध्ये. त्याच्या पंचवीस-सव्वीस वर्षं आधी माझी आजी खांद्यावर दोन तारे लावून वॉर्डात फिरत होती आणि हवालदार, सुभेदार तिला सॅल्यूट करत होते. हे सॅल्यूटचं प्रकरण पुढे येणार आहे, लक्षात ठेवा.

तिचं माहेर तासगाव तालुक्यातलं. मॅट्रिक झाल्यावर मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्सिंग शिकायला गेली. वॉनलेस डॉक्टरांनी काढलेलं ते हॉस्पिटल, आमच्या भागात अजूनही लोक त्याला मिशनच म्हणतात. तिच्या वडिलांना हे अजिबात पसंत नव्हतं. परक्या पुरुषांची अंगं पुसायची म्हणजे काय, कोण करील लग्न, वगैरे. त्या काळातलं नेहमीचं. तिची आई मात्र म्हणाली की जाऊ द्या, निदान पोटापुरतं तरी कमवील. बस. एवढ्या एका वाक्यावर गेली ती. मिरजेला तिच्या पुढच्या एका मुलीचं सैन्याच्या नर्सिंगमध्ये सिलेक्शन झालं होतं, ती गणवेशात भेटायला आली आणि आजीने ठरवलं. मी विचारलं होतं, देशसेवा वगैरे मनात होतं का? तर म्हणाली, "अरे, तिचे बूट बघितले मी. काय चकचकीत होते."

१९६६ साली कमिशन मिळालं. थोडे दिवस इकडेतिकडे, मग पुणे. वानवडीचं कमांड हॉस्पिटल.

आणि इथे अण्णा येतात. अण्णा म्हणजे माझ्या आजोबांचे थोरले भाऊ. गाव आमचं माण तालुक्यातलं, सातारा जिल्हा. सातारकरांना फौज म्हणजे काय ते सांगायला नको, अपशिंग्याच्या तर नावातच मिलिटरी आहे. आमच्याही गावात घराआड फोटो आहेत, टोपी घातलेले, मिशा पिळलेले. अण्णा तेव्हा खडकीच्या डेपोत क्लार्क होते, हुद्दा हवालदार. १९६९ मध्ये त्यांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं वानवडीला आणि वॉर्डातली नर्सिंग ऑफिसर होती आजी. अण्णांचं म्हणणं असं की ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी तिने त्यांना उठवून चालायला लावलं. हे रडायला लागले तर ती म्हणाली, "हवालदारसाहेब, माण तालुक्यातला माणूस एवढ्याने रडतो होय?" अण्णा ही गोष्ट सांगताना अजून खूश होतात. आणि त्या वॉर्डात पडल्या पडल्या त्यांच्या मनात आलं की आपल्या धाकट्या भावाला, जो दहिवडीकडे हायस्कूलात मास्तर होता, ही मुलगी करावी. विचारायची हिंमत मात्र झाली नाही. हवालदार ऑफिसरला थोडाच विचारणार, "माझ्या भावाशी लग्न करता का मॅडम"? घरी येऊन वडिलांना सांगितलं, वडिलांनी तासगावला माणूस पाठवला, आणि ते सगळं दोन-अडीच वर्षं रेंगाळत राहिलं. कारण तोपर्यंत तिची बदली झाली होती पठाणकोटला.

पठाणकोटबद्दल ती फार कमी बोलायची. माझ्याकडे तिचं अडीच तासांचं रेकॉर्डिंग आहे, त्यातली पंधरा-वीस मिनिटं पठाणकोटची असतील. उरलेल्या वेळात ती मला विचारते की जेवलास का, हे यंत्र चालू आहे का, आणि चालू असेल तर बंद कर.

३ डिसेंबर १९७१. संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी पठाणकोटच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. ती ड्यूटी संपवून मेसकडे निघाली होती, तिथूनच परत फिरली. खिडक्यांना काळे कागद आधीच लावून ठेवले होते. त्यानंतरचे दोन आठवडे तिच्या बोलण्यात तारखा नाहीत. एकच लांबलचक दिवस असल्यासारखी सांगते. शकरगडच्या बाजूला लढाई चालू होती, तिथे पाकिस्तानने मैलच्या मैल सुरुंग पेरलेले, त्यामुळे येणाऱ्यांत पाय गेलेली माणसं फार. ज्याला मॉर्फिन दिलंय त्याच्या कपाळावर इंग्रजी एम लिहायचा, म्हणजे पुढच्या माणसाने दुसरं इंजेक्शन देऊ नये. सिरिंजा काचेच्या, उकळून वापरायच्या, आणि सुया बोथट झाल्या की दगडावर घासून धार लावायची. हे करायला रात्रपाळीची एक जागा ठरलेली होती. "सुई चांगली असली की निम्मं दुखणं कमी," असं ती म्हणायची. मी सॉफ्टवेअरमध्ये सहा वर्षं काढलीत, कामाबद्दल एवढं नेमकं वाक्य मला कुणाकडून ऐकायला मिळालेलं नाही.

ती पत्रं लिहायची. ज्यांचे हात बांधलेले आहेत किंवा ज्यांना लिहिता येत नाही, त्यांची. मराठी पोरं बहुतेक तिच्या वाट्याला यायची. बार्शीकडचा एक होता, एकवीस-बावीस वर्षांचा, डावा पाय गुडघ्याखाली गेलेला. त्याने आईला पत्र सांगितलं: मी खुशाल आहे, पायाला थोडं लागलंय, ज्वारी काढायला येतो. आजीने तसंच लिहिलं. रेकॉर्डिंगमध्ये माझा आवाज आहे, मी म्हणतोय, "आजी, तू खोटं लिहिलंस?" आणि ती जरा चिडूनच म्हणते, "पत्र त्याचं होतं की. मी कोण बदलणार?" मग बराच वेळ काही नाही. बाहेर कोंबडं ओरडतंय तेवढं ऐकू येतं. मग म्हणते, "त्याला पुढं पुण्याला पाठवलं, पाय बसवायला." पुण्यात आर्टिफिशियल लिंब सेंटर आहे, १९४४ पासूनचं, तिथे. त्यानंतर त्याचं काय झालं ते तिला कळलं नाही. वॉर्डातून माणूस गेला की गेला, असं ती म्हणाली. दुसऱ्याला ती कॉट लागते.

लढाई संपली. तोपर्यंत ती कॅप्टन झाली होती. आणि १९७२ च्या मे महिन्यात तिचं लग्न झालं, आमच्या आजोबांशी.

आता खरा मुद्दा. लग्न ठरलं तसं तिने कमिशन सोडलं. आजी सांगायची की लग्न आणि ती नोकरी दोन्ही एकदम ठेवायची सोय नव्हती, मॅट्रनने बोलावून सरळ विचारलं, दोन्हींतलं काय ते ठरव. ती तेव्हा अठ्ठावीस वर्षांची. वडील थकलेले, पाठच्या दोन बहिणी लग्नाच्या. तिने ठरवलं. मी हे सांगताना आजोबांना खलनायक करू शकत नाही, कारण ते नव्हते. अतिशय साधा माणूस, भूगोल शिकवायचे, घरात पाणी भरायचे, आणि त्या काळात मास्तराने पाणी भरणं म्हणजे गावात चर्चेचा विषय. पण सहा वर्षांची नोकरी एका कागदावर सही करून संपली. अधिकाऱ्याला पेन्शनसाठी वीस वर्षं सेवा लागते. हिची सहा. तेव्हा पेन्शन नाही, कॅन्टीनचं कार्ड नाही. अण्णांकडे कार्ड होतं. पुढे कित्येक वर्षं अण्णा साताऱ्याला कॅन्टीनला निघाले की आजी त्यांच्या हातात चिठ्ठी द्यायची, दोन साबण, एक चहाचा पुडा.

लग्न झालं ते साल बघा, १९७२. जुन्या लोकांना सांगायला नको. लग्नात पंगत उठली ती निम्मी, पाणीच नव्हतं. पाठोपाठ पावसानेही दगा दिला आणि माण तालुक्यात सगळं गाव दुष्काळी कामावर, खडी फोडायला. बायका, म्हाताऱ्या, सगळ्या. खायला सुकडी मिळायची. सात-आठ महिन्यांपूर्वी पठाणकोटला कॅप्टन असलेली बाई डोक्यावर पदर घेऊन घरात बसलेली, आणि संध्याकाळी बायका ठेचलेली बोटं घेऊन दारात येतात. खडी फोडताना हातोडा बोटावर बसतो, जखमा चिघळतात. तिने चुलीवर पाणी उकळलं, जुनी धोतरं फाडून उकळून वाळवली आणि मलमपट्ट्या चालू केल्या. सासूने पहिल्या दिवशी विचारलं, हे काय चाललंय? पाचव्या दिवशी सासूच रांग लावत होती. तिथून पुढे चाळीस एक वर्षं ते चालू राहिलं. इंजेक्शनं, बाळंतपणं, साप-विंचू, कुणाला दवाखान्यात न्यायचं आणि कुणाला नाही. पैसे घेतले नाहीत, हे मी कौतुकाने सांगत नाहीये. घ्यायला हवे होते. अंडी आणि भुईमुगाच्या शेंगा मात्र पोतंभर यायच्या.

सैन्य घरात कुठे दिसायचं? दोन-तीन ठिकाणी. चादर. आमच्या घरात आजही चादर गादीखाली कशी दुमडायची याची एक पद्धत आहे, कोपरा पाकिटासारखा. माझं लग्न झाल्यावर बायकोला पहिल्याच आठवड्यात शिकवली गेली. दुसरं, वेळ. चौदाशे वाजता एसटी आहे म्हणायची, आम्ही हसायचो. आणि फोटो. तिचा गणवेशातला एकच फोटो होता, तो पत्र्याच्या काळ्या पेटीत, गोधड्यांच्या खाली. भिंतीवर अण्णांचा. गणवेशातली सून भिंतीवर लावायची, हे कुणाला सुचलंच नाही. म्हणजे नकार दिला असं नाही, विषयच निघाला नाही. २६ जानेवारीला ग्रामपंचायत माजी सैनिकांना शाल-नारळ द्यायची. अण्णा पहिल्या रांगेत. आजी बायकांत, सतरंजीवर.

आणि आता तो सॅल्यूट. अण्णा नात्याने थोरले दीर. सणावाराला आजीने त्यांच्या पाया पडायचं, त्यांच्यासमोर खुर्चीवर बसायचं नाही, पदर घ्यायचा. आणि हुद्द्याने? हुद्द्याने ती कॅप्टन, हे हवालदार. या गोष्टीची अण्णांना आयुष्यभर टोचणी होती, असं मला वाटतं, कारण त्यांनी त्यावर स्वतःपुरता एक उपाय काढला होता. दिवाळीला ती पाया पडायला वाकली की अण्णा "असू दे, असू दे" म्हणत उठून उभे राहायचे. ताठ, टाचा जुळवून. घरातल्या कुणाच्या हे लक्षात आलं नाही, थोरला माणूस आहे, उठला असेल. मला आजीनेच सांगितलं. म्हणाली, "मी वाकायची आणि ते सावधानमध्ये उभे. दोघांचंही भागायचं." आजारी पडले की मात्र अण्णा तिला उघडउघड मॅडम म्हणायचे.

२०२४ च्या फेब्रुवारीत एक बातमी आली. तुमच्यापैकी काहींनी वाचली असेल. सेलिना जॉन नावाच्या याच सेवेतल्या लेफ्टनंट. १९८८ मध्ये त्यांनी लग्न केलं, नवरा सैन्यातलाच मेजर, आणि लग्न केलं म्हणून त्यांना नोकरीतून काढलं. त्यांना लावलेला नियम १९७७ चा होता, तो १९९५ मध्ये मागे घेतला गेला. म्हणजे आजी या नियमाच्याही आधीची. सेलिना जॉन लढत राहिल्या. २०१६ मध्ये लखनऊच्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाने त्यांना परत घ्या म्हणून सांगितलं, केंद्र सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. १४ फेब्रुवारी २०२४ ला न्यायमूर्ती संजीव खन्ना आणि दीपांकर दत्ता यांनी निकाल दिला: असा नियम उघड उघड मनमानी आहे, बाईने लग्न केलं म्हणून तिला काढणं हा लिंगभेद आणि असमानता आहे. आणि ६० लाख रुपये भरपाई.

मी त्या शनिवारी गावी गेलो होतो. पेपर घेऊन तिला वाचून दाखवलं. तिला मोतीबिंदूनंतर बारीक अक्षर दिसायचं नाही. सगळं ऐकून घेतलं, दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "साठ लाख? मला १९७२ पासून व्याजासकट किती होतील रे? काढ, तू कॉम्प्युटरवाला आहेस." मी खरंच फोनवर काढायला लागलो. ती हसली, हात हलवला, राहू दे म्हणाली. थोड्या वेळाने विचारलं, "आणि नोकरी? परत घेतलं का तिला?" मी म्हटलं, नाही आजी, त्याऐवजी पैसे दिलेत. "अच्छा," म्हणाली. मग उठून भाजी निवडायला बसली. संध्याकाळी जेवताना, मध्येच, कुणी काही विचारलेलं नसताना म्हणाली, "मी पन्नाशीपर्यंत सहज कर्नल झाले असते." वडील म्हणाले, "काय?" ती म्हणाली, "काही नाही. आमटी वाढ."

मी खूप वेळा विचार केलाय या वाक्याचा. आम्ही तिला समाधानी समजत होतो. ती होतीच समाधानी, नातवंडांत रमलेली वगैरे. पण बावन्न वर्षं ती स्वतःचे हुद्दे मनात मोजत आली होती, आणि आम्हाला पत्ता नव्हता.

नोव्हेंबरात ती गेल्यावर पेपरात निधनाची बातमी द्यायची होती. मी मजकूर लिहिला, तिच्या नावाआधी कॅप्टन घातलं. घरात कुजबुज सुरू झाली. आत्या म्हणाली, लोक म्हणतील उगाच मोठेपणा. वडिलांचं म्हणणं वेगळं होतं आणि मला ते खोटंही वाटत नाही: सहा वर्षं नोकरी, बावन्न वर्षं घर, मग नावाआधी सहा वर्षं का लावायची? काका म्हणाला, कायद्याने चालतं का ते बघ आधी. अशा प्रसंगी घरात जे होतं तेच चाललं होतं, सगळे रडून थकलेले आणि एका शब्दावर अडलेले.

अण्णा कोपऱ्यात पलंगावर बसले होते. वय एकोणनव्वद, ऐकू कमी येतं, त्यांना आम्ही धरतच नव्हतो. त्यांनी मला हाताने बोलावलं, कागद मागितला. भिंग लावून वाचला. म्हणाले, "माजी लिही. माजी कॅप्टन. नुसतं कॅप्टन नाही, ते चुकीचं होईल." मग वडिलांकडे बघून, मोठ्याने, कारण त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, "मला सीनियर होती ती." वडील काही बोलले नाहीत. आणि खाली शोकाकुल म्हणून नावं असतात ना, तिथे त्यांनी स्वतःचं नाव दाखवलं आणि त्यापुढे हवालदार, निवृत्त, एवढं घालायला लावलं. बाकीच्यांच्या नावापुढे काही नव्हतं. मी घातलं.

पेपरच्या जाहिरात ऑफिसात मुलगा माझ्याच वयाचा. फॉर्म संगणकावर. त्यात नावाआधी श्री, सौ, श्रीमती, कुमारी असे चार पर्याय, यादीतून निवडायचे. त्याने विचारलं, मिस्टर मिलिटरीत होते का? मी म्हटलं, नाही, ते भूगोलाचे शिक्षक होते. तो थोडा गोंधळला. यादीत कॅप्टन नाही, म्हणजे टाकायचं कुठे? धंद्याच्या सवयीने माझ्या मनात आलं की इथे मोकळा रकाना ठेवायला हवा होता, पण ते बोलायची ती वेळ नव्हती. शेवटी त्याने नावाच्याच रकान्यात टाइप केलं. माजी, कॅप्टन, मग आजीचं नाव. जाहिरातीचे पैसे शब्दांवर होते. ते दोन शब्द वाढले, त्यांचे वेगळे पैसे संध्याकाळी अण्णांनी मला मोजून दिले.